चैतूचं नाही

सत्यशीला उंदीरवाडे मॅडमनी आरमोरीच्या कॉलेजात एकतीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, आणि शिकवलेल्याचं पुढे काय झालं हे सांगायला एकतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याचा फोन आला नाही. फोन यायचे ते वेगळ्याच कामाचे. कोणाला बोनाफाईड हवं, कोणाला लग्नाची पत्रिका द्यायची, कोणाला विम्याची पॉलिसी गळ्यात मारायची. रिटायर झाल्यावर तेही बंद पडले. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगा राजदीप हैदराबादला, त्याचा फोन रविवारी यायचा, तोही नेमका जेवायच्या वेळी, म्हणजे लवकर ठेवता येतो. घरात सत्यशीलाबाई एकट्याच. भाजी कोणती करायची, पंखा कितीवर ठेवायचा, सगळे ठराव बिनविरोध मंजूर. कधीकधी त्या मुद्दाम मोठ्याने म्हणायच्या, "आज वांगी नकोत," आणि मग स्वतःच वांगी चिरायला घ्यायच्या.

अशात एका सकाळी लालसूचा फोन आला.

"मॅडम, मी लालसू. रेंगाटोल्याचा. बी. ए. फायनलले होतो, मागच्या बाकावर बसत होतो. मॅडम, आमी गावात अथेन्स सुरू केलं जी!"

मॅडमना आधी वाटलं, पोराने हॉटेल काढलं की काय. पण लालसू धडाधडा बोलत सुटला. ग्रामसभा, मतदान, खापऱ्या, अगदी तुमीनं शिकवलं तसंच. मॅडमच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. अहो, एवढ्या वर्षांत एकाने तरी लक्ष देऊन ऐकलं होतं! दुसऱ्या दिवशी त्यांनी ठेवणीतली पांढरी साडी काढली, डबा बांधला आणि एसटी धरली. फाट्यावर लालसू मोटरसायकल घेऊन उभाच होता. तिशीचा झाला होता, पोट थोडं सुटलं होतं, पण पायाला हात लावायची सवय तीच.

रस्त्याने त्याने सगळी हकीकत सांगितली. रेंगाटोला म्हणजे चाळीस-बेचाळीस घरांचं गोंडाचं गाव. जंगलाचा हक्क गावाला मिळाला, बांबू गावाचा झाला, आणि लालसू ग्रामसभेचा सचिव. गावाची रीत आजोबा-पणजोबांपासूनची एकच. सगळे हो म्हणतील तेव्हाच निर्णय. एकानेही नाही म्हटलं, की थांबायचं. आणि नुसतं थांबायचं नाही, तर नाही म्हणणाऱ्याच्या अंगणात जाऊन बसायचं. त्याचं ऐकायचं, आपलं सांगायचं. तो वळला तर ठीक, नाहीतर गाव वळायचं.

"पण चैतूआजानं पार वैताग आणला न मॅडम! तीन महिने बांबू अडवून धरला. पयल्यांदा म्हणे, बांबू कवळा हाये. गेलो त्याच्या अंगणात. मंग म्हणे, धान कापू द्या. पुन्हा गेलो. मंग म्हणे, सांगतो, पुढच्या मंगळवारी या. सात खेपा झाल्या जी! दर खेपेस नवीन कारण. इकडं पोरं रिकामी बसून राह्यली, निम्मी त आंध्रात मिरची तोडाले जाऊन राह्यली. शेवटी मले तुमचं अथेन्स आठवलं."

छपरावरच्या कवेलूच्या खापऱ्या फोडल्या. कोळशाची रेघ असली तर हो, कोरी असली तर नाही. एक मडकं ठेवलं. एकसष्ट रेघवाल्या निघाल्या, एक कोरी. कोणाची ते न सांगताच सगळ्यांना कळलं. उद्यापासून तोड सुरू होणार होती, आणि आजच्या सभेत कायमचा ठराव व्हायचा होता, की यापुढे प्रत्येक निर्णय खापरीनेच. त्याआधी मॅडमनी दोन शब्द बोलायचे.

"तुमी बोलले की मोहर लागते जी," लालसू म्हणाला. मॅडमना मागच्या सीटवर बसल्या बसल्या पदर सावरावा लागला, इतकं त्यांना बरं वाटलं.

गावाच्या मधोमध गोटुल, म्हणजे सभेचं घर. कुडाच्या भिंती, वर कवेलू, समोर मोहाचं झाड. सभेला अजून वेळ होता. लालसूने मोठ्या कौतुकाने मडकं आणून दाखवलं. मॅडमनी आतली एक खापरी उचलली, बोटाने कोळशाची रेघ पुसून पाहिली, आणि एकदम ती परत मडक्यात टाकली.

खापरी! अथेन्समध्ये रोजचे निर्णय खापरीवर कधी होत नव्हते. ते हात वर करून व्हायचे. खापरीवर माणसाचं नाव कोरायचे, ते त्याला गावाबाहेर काढायला. ज्याच्या नावाच्या खापऱ्या जास्त, तो दहा वर्षं हद्दपार. हे सगळं मॅडमना पाठ होतं. पण त्या वर्षी त्यांना निवडणुकीची ड्युटी लागली होती, पोरं धानकापणीला पांगली होती, आणि खापऱ्यांचा सगळा भाग त्यांनी घंटा व्हायच्या आधी पाच मिनिटांत उरकला होता. 'अथेन्समध्ये खापरीवर मतदान होत असे' एवढंच वाक्य लालसूच्या वहीत गेलं असणार.

"चैतूभाऊ कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

लालसूने मान खाजवली. "मतदान झालं तवापासून येत नाई ते."

"कोणी गेलं होतं का त्यांच्याकडे?"

"आता काऊन जायचं जी? निर्णय त झाला न."

तो हे अगदी साधेपणाने म्हणाला. मॅडमच्या डोळ्यांसमोर तो जुना पेपर आला. तीन युनिट. पश्चिमेकडच्या लोकशाहीची तीन मुळं, ग्रीस, रोम आणि ज्यू-ख्रिस्ती परंपरा. तिन्हींवर प्रश्न यायचे आणि तिन्हींतला एकच सोडवायचा असायचा. त्यामुळे अख्ख्या झाडीपट्टीतली पोरं ग्रीस करायची आणि उरलेली दोन ऑप्शनला टाकायची. पोरं कशाला, मॅडम स्वतःच फळ्यावर लिहून द्यायच्या. युनिट एक, आयएमपी. दोन आणि तीन, ऑप्शनला टाका. असं वर्षानुवर्षं. कोणाचं काही बिघडलं नव्हतं, सगळे पास झाले होते.

"त्यांचं घर दाखव मला," मॅडम म्हणाल्या.

गावाच्या टोकाला चैतूचं घर. लालसू बाहेरूनच वळला, सभेची तयारी आहे म्हणाला. मॅडम आत गेल्या. अंगण ताजं सारवलेलं, कडेला दोन खाटा, तीन ओंडके आणि एक फाटकी सतरंजी अंथरलेली. मडक्यावर पेला पालथा. आणि माणूस एकच, कोपऱ्यात बसून टोपलीसाठी बांबूच्या कामट्या काढत असलेला, सत्तरीचा, हडकुळा.

"जोहार, चैतूभाऊ."

"जोहार बाई. लालसूची मास्तरीन न तुमी? बसा. तिथी नको, ती खाट ढिली हाये. इथी बसा." म्हातारा लगबगीने उठला, पाणी दिलं, पेला परत घेतला, परत भरून दिला. मग मॅडमचं गाव कोणतं, घरी कोण, मुलगा काय करतो, सून बोलते का नीट, हे सगळं विचारून घेतलं. मॅडमना नवल वाटलं. एवढं त्यांना वर्षभरात कोणी विचारलं नव्हतं.

"बांबूला तुम्ही नाही का म्हणालात?" शेवटी त्यांनी मुद्द्याला हात घातला.

"कारण हाये न," चैतू कामटीवर सुरी फिरवत म्हणाला. "पण ते सभेत सांगायचं नाई. अंगणात आले त सांगीन."

"सात वेळा आले होते ना?"

"आले होते." त्याने दाराकडे पाहिलं. "मंग खापऱ्या टाकल्या, आणि कोणीच नाई आलं."

मॅडमना वाटलं, ह्याला सांगायलाच हवं. आणि त्यांनी सांगितलं, जे एकतीस वर्षांत धड कोणाला सांगितलं नव्हतं. म्हणाल्या, लई जुनी गोष्ट आहे, रोम नावाचं शहर होतं. तिथे मोठमोठ्या घरचे लोक राज्य करायचे. गरीब लोक एकदा रुसले आणि शहर सोडून टेकडीवर जाऊन बसले. तेव्हा त्यांना त्यांचा माणूस मिळाला, त्याला ट्रिब्यून म्हणत. त्या एकट्याने नाही म्हटलं, की सगळ्या सरदारांचा ठराव तिथल्या तिथे थांबायचा. त्याच्या अंगाला हात लावायची कोणाची टाप नव्हती. आणि त्याच्यावर एकच बंधन होतं. घराचं दार रात्रंदिवस उघडं ठेवायचं, कोणीही केव्हाही यावं म्हणून.

चैतूची सुरी थांबली. "मंग येत होते का लोकं?"

"येत असतील."

"रात्री बी?"

"रात्री बी."

"चांगली नोकरी होती," चैतू म्हणाला आणि परत कामट्या काढायला लागला.

गोटुलाकडे परत येताना मॅडमच्या डोक्यात सगळं घुमत होतं. हा गावाचा ट्रिब्यून आहे आणि ह्याला आपण गावाबाहेर काढलं, आपण, आपल्या पाच मिनिटांच्या भागाने. आता गप्प बसावं की बोलावं? गप्प बसल्या तर आज त्यांचा मान होता, हार होता, एकतीस वर्षांतला एकुलता एक विद्यार्थी होता जो म्हणत होता, तुमीनं शिकवलं. बोलल्या तर ते सगळं जाणार. आणि ते गेलं की मागे आरमोरीचं घर आणि रविवारचा फोन. त्यांना अगदी स्वच्छ वाटलं, की बोलू नये.

सभा भरली. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. लालसूने हार घातला, टाळ्या झाल्या. मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लालसूने तुम्हाला जे सांगितलं ते मी शिकवलेलं आहे. पण मी अर्धं शिकवलं, आणि अर्धं चूक."

लालसूच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, त्याला अजून कळलं नव्हतं. मॅडमनी खापरीचं खरं काय ते सांगितलं. रोमचं सांगितलं. मग तिसऱ्या युनिटवर आल्या. म्हणाल्या, ज्यू लोकांमध्ये असे संदेष्टे होऊन गेले, की त्यांच्यापाशी ना सैन्य ना जमीन, पण भर दरबारात उभं राहून राजाला तोंडावर सांगायचे, तू पाप केलंस. सगळा दरबार एका बाजूला आणि तो एकटा एका बाजूला. राजाला ऐकावं लागायचं. पुढे ख्रिस्ती लोकांनी तेच धरून ठेवलं, की एकट्या माणसाच्या मनालाही वजन आहे, तो गरीब असो, म्हातारा असो. "मोजून निर्णय करणं हे एक मूळ झालं. पण एकट्याचं ऐकणं ही बाकीची दोन मुळं. मजा अशी, की ती तुमच्याकडे आधीपासून होती. तुमचे आजे-पणजे ती कॉलेजात न जाता शिकले होते. आणि माझ्या शिकवण्याने ती तुटली. उद्या बांबू तोडायच्या आधी एकदा चैतूभाऊंच्या अंगणात जा. एवढंच मला सांगायचं आहे."

लालसूचे कान लाल झाले होते.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमीनंच त फळ्यावर लिहिलं होतं, दोन आणि तीन ऑप्शनले टाका."

"लिहिलं होतं. माझंच चुकलं, लालसू."

"आणि आज येऊन साऱ्या गावासमोर सांगता?"

त्याचं म्हणणं खरं होतं. त्याला बाजूला घेऊन सांगता आलं असतं, पण भाषणाची सवय वाईट. त्या खाली बसल्या आणि गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला.

मग अन्नपूर्णाबाई उठली. बचत गटाची अध्यक्ष, खणखणीत आवाजाची बाई, सभेत तिच्यापुढे पुरुषही दबकून असत. "बसून काय राह्यले?" ती म्हणाली. "चाला. म्हातारा जिता हाये अजून. एक खेप आणखी गेल्यानं पाय नाई झिजत." आणि ती चालायला लागली. बायका उठल्या, मागून पुरुष उठले. लालसू सगळ्यात शेवटी निघाला, मॅडमकडे न बघता.

साठ माणसं एका अंगणात म्हणजे काय होतं! खाटा भरल्या, ओंडके भरले, सतरंजी भरली, उरलेले सारवलेल्या जमिनीवर बसले, पोरं कुंपणावर चढली. आणि चैतू? तो म्हातारा नुसता पळत होता. शेजारून मडकं आणलं, पेले आणले, घरातून दोन पोती काढून अंथरली. प्रत्येकाला हाताने पाणी दिलं. तुझी म्हैस व्याली का, तुझी सून माहेरून आली का, तुझ्या गुडघ्याचं काय झालं, पोरा तू कोणाचा, अरे किती उंच झाला! अन्नपूर्णाबाईने दोनदा म्हटलं, "काका, मुद्द्यावर ये." तो म्हणे, "येतो न. पाणी त पिऊ द्या साऱ्यांले." अर्धा-पाऊण तास त्यातच गेला. ऊन मोहाच्या शेंड्यावर गेलं. घाई असलेले लोकही हळूहळू सैल झाले, मागे टेकून बोलायला लागले, कोणी तंबाखू मळली.

शेवटी लालसू पुढे आला आणि उकिडवा बसला. रीतच होती तशी, विचारणाऱ्याने खाली बसून विचारायचं.

"आजा, सारं गाव आलं. आता सांग. तुझं नाई काऊन हाये?"

मॅडम पुढे सरकून बसल्या. आता तो बोलणार. तीन महिने पोटात ठेवलेलं, जंगलाचं, देवाचं, पुढच्या पिढ्यांचं जे काही असेल ते बाहेर येणार. त्यांना खात्री होती, की असा माणूस आपण पुस्तकाबाहेर पहिल्यांदाच बघतो आहोत.

चैतूने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुंपणावरच्या पोरांकडे पाहिलं.

"तोडा," तो म्हणाला. "माझं हो हाये."

एकच गलका झाला. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी चैतूच्या पाठीवर थाप मारली. लालसूने त्याच्या पायाला हात लावला आणि उठून पहिल्यांदा मॅडमकडे बघून हसला. मग कोणाला धानाचे भारे आणायचे होते, कोणाची गुरं यायची होती, कोणाला उद्यासाठी कोयते परजायचे होते. भाताला आधण येतं तेवढ्या वेळात अंगण रिकामं झालं. लालसू मोटरसायकल आणायला गेला.

चैतू पेले गोळा करत होता. मॅडम त्याच्या मदतीला लागल्या.

"चैतूभाऊ, हो का म्हणालात? आणि ते कारण?"

"कारण कुठलं, बाई? बांबू त तोडाच लागते. नाई तोडला त बेट कोंडून मरते. पोरांले काम नको का?"

"मग तीन महिने नाही का म्हणत होतात?"

त्याने पेल्यातलं उरलेलं पाणी कुंपणाच्या कडेला ओतलं. "माझी बायको मंगली होती तवा घरात भांडाले माणूस होतं. ती गेली दोन साल झाले. पोरगी तिकडं मूल गावाले दिली, ती येते दिवाळीले. एक दिवस सभेत उगाच तोंडातून नाई निघालं, त संध्याकाळी अकरा लोकं आले. बसले, बोलले, भांडले बी. लई दिवसानं झोप लागली मले." तो थोडा हसला. "आज नाई म्हटलं असतं, त उद्या बी आले असते."

"मग म्हणायचं होतं ना नाही!" मॅडम जवळजवळ ओरडल्याच.

"सारं गाव आलं, बाई. पाणी पेलं. आता कोणत्या तोंडानं नाई म्हणू?"

बाहेर लालसूने हॉर्न वाजवला. फाट्यावरची शेवटची एसटी पाचची होती. मॅडमना म्हाताऱ्याला काहीतरी सांगावंसं वाटलं, मी येत जाईन असं काहीतरी, पण दोन गाड्या बदलून, गुडघे घेऊन, त्या येणार नव्हत्या, आणि ते त्यालाही कळलं असतं. त्यांनी जोहार केला. त्यानेही केला. मग तो आत गेला, आणि त्या निघाल्या.

लालसूचा राग पार गेला होता. मोटरसायकलवर तो मान मागे वळवून वळवून बोलत होता.

"मॅडम, खरं सांगू, लई वाईट वाटलं होतं मले. पण तुमचं बरोबर निघालं जी! सात खेपा झाल्या, पण सारं गाव कधी गेलं नव्हतं. आता मी ठरवलं, खापऱ्या बंद. कोणी नाई म्हटलं, की साऱ्या गावानं त्याच्या अंगणात जायचं. लिहूनच टाकतो रजिस्टरात."

"आणि कोणी हो म्हटलं तर?" मॅडमनी विचारलं.

लालसूने गाडी थोडी हळू केली. प्रश्न त्याला नीट समजला नाही.

"हो म्हटल्यावर काऊन जायचं जी?"